परग्रहावरचा पाहुणा

मुरबाडहून टोकावडे गाठून माळशेज घाट चढला की आपला ठाणे जिल्हा संपतो आणि जुन्नरचा मुलूख लागतो. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव असे करीत खोडदच्या शिवारात शिरले, की द्राक्षांच्या आणि उसाच्या मळ्यांतून एकाएकी अवाढव्य तबकड्या डोके वर काढतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकूण ३० तबकड्या. त्यांपैकी १४ जवळजवळ दाटीने उभ्या आहेत. बाकीच्या तीन दिशांना फाकलेल्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरल्या आहेत. आसपासचे लोक तिला 'खोडदची दुर्बीण' म्हणतात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीकर संत फ्रान्सिसचा सण. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणाऱ्या संताचा दिवस या कामासाठी कोणी मुद्दाम निवडला असेल असे नाही, पण मला तो योगायोग आवडतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या सुमारास, आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना घेऊन मी तेथे गेलो होतो. फाटकाशीच शिक्षकांचे, बसचालकाचे आणि माझे मोबाइल बंद करावयास लावले. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातल्या मोबाइलचा गोंगाटही त्यांना बुडवून टाकतो, असे तेथील तरुण कार्यकर्त्याने समजावले. ही दुर्बीण म्हणजे डोळा नव्हे, कान आहे, असे तो म्हणाला. मुलांना ते चटकन पटले. डोंगरपाड्यावरच्या मुलांना रात्री कान देऊन ऐकण्याची सवय असते.

मग त्याने एक हकिकत सांगितली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे एक यान मंगळावर उतरत होते. उतरताना ते जो बारीक स्वर काढीत होते, तो कोट्यवधी किलोमीटर ओलांडून थेट खोडदच्या या तबकड्यांनी टिपला. उतरण्याच्या शेवटच्या क्षणांत तो स्वर अचानक तुटला. यान मंगळाच्या जमिनीवर आदळून फुटले होते. मुले गप्प झाली. एकाने विचारले, "तिकडून दुसरं कोण बोललं का?" कार्यकर्ता हसून म्हणाला, "अजून नाही."

दुपारी झाडाखाली डबे सोडल्यावर तोच मुलगा माझ्यापाशी आला. "फादर, तिकडं कोण असंल, तर ती पण देवाचीच लेकरं का?"

मी "हो" म्हणालो आणि त्याला लोणच्याची फोड दिली. उत्तर इतके सहज गेले की नंतर माझे मलाच नवल वाटले. या एका 'हो'साठी ख्रिस्तसभेत किती वादविवाद झाले, किती कागद खर्ची पडले आणि एकदा तर चिताही पेटली, याचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे तेव्हापासून मनात होते.

पुष्कळांची अशी समजूत असते की परग्रहावरील जीवसृष्टी हा अलीकडच्या विज्ञानाने धर्मापुढे उभा केलेला पेच आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवले जात असे आणि जग एकच असू शकते, दुसरे असणे शक्यच नाही, असा त्याचा सिद्धान्त होता. संत थॉमस अक्वायनस यांनीही जग एकच आहे असे प्रतिपादन केले. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १२७७ साली, पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ मते निषिद्ध ठरवली. त्यांत एक मत असे होते की आदिकारण, म्हणजेच परमेश्वर, अनेक जगे निर्माण करू शकत नाही. बिशपमहाशयांना अनेक जगे आहेत असे म्हणावयाचे नव्हते. देवाच्या हातांना कोणी तत्त्ववेत्त्याने दोरी बांधू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. पण त्या आग्रहाने एक दार किलकिले झाले. पुढच्या दोन शतकांत त्या दारातून कितीतरी विचारवंत आत डोकावले.

त्यांपैकी फ्रान्सिस्कन संघाचे गियोम द व्होरुयाँ हे मला विशेष जवळचे वाटतात. १४६३ साली ते वारले. दुसऱ्या जगात माणसे असतील तर ती आदामाची लेकरे नसणार, म्हणजे आदिपापाचा वारसाही त्यांना नसणार, हे त्यांनी ओळखले. मग ख्रिस्ताचे मरण त्यांच्या उपयोगी पडेल काय? पडेल, असे त्यांनी उत्तर दिले. जेरुसलेमबाहेरच्या एका टेकडीवर जे घडले, त्याचे मोल कितीही जगांना पुरून उरेल, असा त्यांचा विश्वास होता. त्याच काळात निकोलस कुसानुस यांनी १४४० च्या आपल्या ग्रंथात सूर्यावर, चंद्रावर आणि इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत असा तर्क केला. एवढे लिहूनही त्यांना कोणी शिक्षा केली नाही. उलट पुढे ते कार्डिनल झाले.

या ठिकाणी कोणी जोर्दानो ब्रूनोचे नाव घेईल आणि ते घेतलेच पाहिजे. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममधील काम्पो दे फियोरी या बाजारचौकात त्याला जिवंत जाळण्यात आले. विश्व अनंत आहे आणि जगे अगणित आहेत, हे त्याचे मत आरोपांच्या यादीत होते. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांसंबंधीचे आरोपही त्या यादीत होते आणि तेच अधिक गंभीर मानले गेले, असे अभ्यासक सांगतात. ही माहिती खरी आहे. आमच्यापैकी काहीजण ती अशा सुरात सांगतात की जणू काही तिच्यामुळे आगीची धग कमी होते. ती होत नाही. २००० साली व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल सोदानो यांनी त्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. चारशे वर्षांनी का होईना, तो शब्द आला.

ब्रूनोनंतर सोळा वर्षांनी, १६१६ साली, आपल्या भाषेच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात छापून निघाले. पृथ्वी फिरते असे सांगणारा कोपर्निकसचा ग्रंथ रोमने स्थगित केला, तेही त्याच वर्षी. इंग्लंडहून निघालेला एक येशूसंघीय साष्टीच्या ब्राह्मणांना आणि कुणब्यांना ओवीत बांधलेले आदाम-हव्वेचे आख्यान ऐकवीत होता, तेव्हा रोममध्ये आकाशाचा जुना नकाशा वाचवण्याची धडपड चालली होती. स्टीफन्सला परका देश आणि परकी भाषा भेटली होती. तिच्यापुढे तो विद्यार्थी होऊन बसला आणि म्हणूनच आज चारशे वर्षांनीही आपण त्याला आपला म्हणतो.

पुढच्या काळात दुर्बिणी मोठ्या झाल्या आणि ख्रिस्तसभेतली माणसेही त्यांच्यामागे बसू लागली. येशूसंघाचे फादर आंजेलो सेक्की यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांचे वर्ग पाडले. मंगळावरील एका गडद पट्ट्याला त्यांनी 'कानाले' हा शब्द वापरला. इतकी अफाट विश्वे ओसाड असावीत हे त्यांच्या मनाला पटत नसे आणि तसे त्यांनी लिहिलेही आहे. नंतर १८७७ साली मिलानचे खगोलज्ञ स्कियापारेल्ली यांना मंगळावर रेषांचे जाळे दिसले. त्यांनीही तोच इटालियन शब्द वापरला. त्याचा अर्थ ओहोळ किंवा चर असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचा 'कालवा' झाला आणि तेथेच घोटाळा झाला. कालवा म्हटला की खणणारा आला, पाणी वाटणारा आला, पाटकरी आला! अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ पासून मंगळाचे वेध घेतले आणि पाणी संपत आलेल्या, शहाण्या मंगळवासीयांचे सारे चित्रच उभे केले. जगाने ते वर्षानुवर्षे खरे मानले. जुलै १९६५ मध्ये मरीनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत कालवा नव्हता, पाटकरी नव्हता. होती ती खड्ड्यांनी भरलेली उजाड जमीन. खोडदच्या तबकड्यांनी २०१६ साली ज्या यानाचा शेवटचा स्वर ऐकला, त्याचे नाव स्कियापारेल्लीच होते.

१९६५ चा उल्लेख आला आहे तर आपल्या घराजवळची एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतातली पहिली रेडिओ दुर्बीण त्याच वर्षी सुरू झाली ती आपल्या कल्याणला. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या गोविंद स्वरूप यांनी तेथे मांडल्या आणि सूर्याचे वेध घेतले. शहापूरचे आणि मुरबाडचे लोक कोर्टकचेरी, दवाखाना, लग्नाचा बस्ता यांसाठी कल्याणला जातात. तेथे कधीकाळी सूर्याला कान लावला होता, हे त्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ते पन्नाशीत कळले.

या विषयाशी माझा पहिला संबंध आला तो सेमिनरीत. १९९६ चा ऑगस्ट महिना होता. अंटार्क्टिकावर १९८४ साली सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या जेमतेम दोन किलो वजनाच्या दगडात सूक्ष्म जीवांच्या खुणा आढळल्या असल्याची घोषणा नासाच्या शास्त्रज्ञांनी केली आणि अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनीही त्यावर निवेदन केले. भोजनगृहात वर्तमानपत्र हातोहात फिरले. आम्ही तरुण होतो आणि उत्पत्तीचे पुस्तक नुकतेच शिकून संपवले होते. एक मित्र म्हणाला, "आता आपली पाठ्यपुस्तके बदलावी लागणार." दुसरा म्हणाला, "तिथले मिशन कोणत्या प्रांताकडे जाईल?" हशा पिकला. धर्मसिद्धान्त शिकवणारे आमचे वयोवृद्ध प्राध्यापक आमटीत भात कालवीत ऐकत होते. त्यांनी आम्हाला सांगितले की, एकाच दैवी व्यक्तीला एकाहून अधिक मानवी स्वभाव धारण करता येतील काय, हा प्रश्न संत थॉमस यांनी सातशे वर्षांपूर्वी विचारला होता आणि देवाचे सामर्थ्य एका देहधारणाने संपत नाही असे उत्तर दिले होते. मग म्हणाले, "तेव्हा पुस्तकांची काळजी करू नका. आधी त्या दगडाची खात्री होऊ द्या."

ती खात्री आजवर झालेली नाही. त्या खुणा निर्जीव रसायनांनीही उमटू शकतात, असे बहुतेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

महाराष्ट्राच्या मातीत या प्रश्नाचा सर्वांत गंभीर पाठपुरावा केला तो डॉ. जयंत नारळीकर यांनी. अवकाशातून धूमकेतूंच्या मार्गे सूक्ष्म जीव पृथ्वीवर येत असावेत, हा त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांचा सिद्धान्त. तो तपासून पाहण्यासाठी २००१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे सोडण्यात आले. विसापासून एक्केचाळीस किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून खाली आणली गेली. दुसऱ्या खेपेचे नमुने हैदराबाद आणि पुणे येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी तपासले. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या होत्या. एकीला हॉईल यांचे, दुसरीला 'इस्रो'चे आणि तिसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. २००९ च्या मार्च महिन्यात इस्रोने हे जाहीर केले, तेव्हा त्याच निवेदनात असेही बजावले की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. बातमी देणाऱ्यांनी अर्थातच ते वाक्य बारीक अक्षरांत छापले.

नारळीकरांनी परग्रहाशी संपर्काच्या विषयावर जी मराठी कादंबरी लिहिली, तिचे नाव 'प्रेषित'. आपल्या घरांत हा शब्द रोजचा आहे. पेत्र, पौल, थोमा हे आपले प्रेषित. दुसऱ्याने पाठवलेला तो प्रेषित, या साध्या अर्थाने शास्त्रज्ञाने आणि आपण एकच शब्द उचलला. आणखी एक योग असा की २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले आणि लगेच पुढचे, २०२१ च्या डिसेंबरातले नाशिकचे संमेलन नारळीकरांच्या अध्यक्षतेखाली झाले. मराठी भाषेने एका धर्मगुरूच्या हातून खुर्ची घेऊन ती एका खगोलशास्त्रज्ञाला दिली आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले, नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात.

आपणही आकाशाकडे निरोप धाडले आहेत. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोनेरी तबकडी आहे. तिच्यात पंचावन्न भाषांतून अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी त्याच तबकडीवर आहे. दुसरे यान सुटले त्या सप्टेंबरातच केसरबाई वारल्या. त्यांचा सूर आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाऊन पोचला आहे. तो कोणी ऐकेल का, ऐकलाच तर त्याला कळेल का? मुरबाड तालुक्यातल्या वाचकांनी याचे उत्तर नाणेघाटात शोधावे. वैशाखरे गावावरून चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गायी किती दिल्या, याचे आकडे त्यात आहेत. पुढे ती लिपी लोक विसरले. शतकानुशतके गुराखी, वाणी, शिपाई त्या अक्षरांखाली विसावले आणि एकालाही ती वाचता आली नाहीत. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे सोडवले तेव्हा भिंत बोलू लागली. आपल्याच पूर्वजांनी, आपल्याच डोंगरात कोरलेला निरोप वाचायला इतकी शतके लागली!

आज काय स्थिती आहे, हे थोडक्यात सांगतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह १९९५ साली सापडला. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १२४ प्रकाशवर्षे दूरच्या एका ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर मुख्यत्वे समुद्री सूक्ष्मजीव निर्माण करतात अशा वायूची चाहूल लागल्याचे जाहीर केले. इतर तज्ज्ञांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली आणि पुरावा भक्कम नाही असे सांगितले. सप्टेंबरमध्ये मंगळावरील एका प्राचीन नदीच्या पात्रातल्या खडकावरील ठिपक्यांविषयी नासाने सांगितले की त्या जीवसृष्टीच्या खुणा असू शकतात. 'असू शकतात' या दोन शब्दांत सारे आले. खरी बातमी कधी आलीच तर ती तबकडीतून उतरणाऱ्या पाहुण्याच्या रूपाने येण्याचा संभव कमी. एखादा ठिपका, एखादा वायू, एखादा तुटका स्वर आणि त्यावर वर्षानुवर्षांची चर्चा, अशीच ती येईल. संत योहान आपल्या शुभवर्तमानात चमत्कारांना 'चिन्हे' म्हणतो आणि ती पाहूनही पुष्कळांना काही दिसले नाही असे नोंदवतो. खुणेची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

ख्रिस्तसभा या बातमीला भिऊन नाही, असे म्हणण्यास आधार आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने स्थापन केली. तिचे प्रमुख फादर फुनेस यांनी २००८ साली व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली, तेव्हा परग्रहवासीही आपला भाऊच ठरेल असे सांगितले आणि संत फ्रान्सिसची आठवण केली. २००९ च्या नोव्हेंबरात परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीने या विषयावर जगभरच्या शास्त्रज्ञांना रोमला बोलावले. २०१४ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी सकाळच्या मिस्सात प्रवचन करताना, उद्या मंगळावरून कोणी आले आणि त्यांतल्या एकाने बाप्तिस्मा मागितला तर काय कराल, असे विचारले. वर्तमानपत्रांनी मंगळ तेवढा उचलला. प्रवचनाचा विषय होता पेत्र आणि कर्नेल्य. ज्याच्या घरी जेवणेदेखील निषिद्ध, अशा परक्याच्या घरात पेत्र गेला आणि जेरुसलेमच्या बंधूंनी त्याला जाब विचारला, तो प्रसंग. आणि आता, २०२५ च्या सप्टेंबरपासून, त्या वेधशाळेची धुरा गोव्याच्या येशूसंघीय प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आहे. स्टीफन्सच्या भूमीतला माणूस रोमच्या दुर्बिणीमागे बसला, याचा मला मनापासून आनंद आहे.

तेव्हा पोथीपुरते पाहिले तर माझा खोडदचा 'हो' सुरक्षित आहे. माझी अडचण पोथीत नाही, इतिहासात आहे. परका जोवर कल्पनेत होता तोवर आपल्या विद्वानांनी त्याच्याविषयी मोठ्या उदारपणे लिहिले. तो प्रत्यक्ष समोर उभा राहिला तेव्हा काय झाले?

कोलंबस १४९२ साली पलीकडच्या किनाऱ्याला लागला. तेथे असलेली माणसे बायबलात नव्हती, टॉलेमीच्या नकाशात नव्हती. त्या काळच्या युरोपला ती परग्रहवासीयांइतकीच अनपेक्षित होती. वीस वर्षांच्या आत त्यांच्या खाणमजुरीवर आणि मरणावर वसाहती उभ्या राहिल्या. देवीची साथ तलवारीपेक्षा वेगाने पुढे गेली. १५११ च्या आगमनकाळात, नाताळच्या अलीकडल्या रविवारी, डॉमिनिकन संघाचे अंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी हिस्पानियोला बेटावर गव्हर्नरापुढे प्रवचन केले आणि ही माणसे नाहीत काय, यांना आत्मा नाही काय, असे स्पॅनिश मालकांना तोंडावर विचारले. मालकांनी प्रवचन मागे घेण्याची मागणी केली. पुढच्या रविवारी ते अधिकच कडक बोलले. तरीही पोप पौल तिसरे यांनी ही खरीखुरी माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि त्यांची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे जाहीर करायला १५३७ साल उजाडले. पंचेचाळीस वर्षे! आणि त्यानंतरही १५५० साली व्हालादोलिद येथे लास कासास आणि सेपुल्वेदा यांना याच विषयावर वाद घालावा लागला. माणूस समोर उभा होता, तो बोलत होता, रडत होता, त्याची लेकरे त्याच्या कडेवर होती. तरी तो माणूस आहे काय, याचा निर्णय समित्यांत चालला होता. मग मंगळावरच्या एखाद्या शेवाळाचा न्याय आपण कसा करणार? १९६७ च्या अवकाश करारात इतर ग्रह आपल्या जंतूंनी दूषित करू नयेत असे कलम आहे आणि त्याप्रमाणे याने निर्जंतुक करून पाठवली जातात. या कलमामागे विज्ञानाची काळजी आहे. मला तेथे देवीच्या साथीची आठवणही दिसते.

दूर स्पेनपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? शहापूरचा शोध मुंबईला पाण्यासाठी लागला. १८९२ साली तानसाचे धरण झाले, मागाहून वैतरणा आली, भातसा आली. पाणी नळांतून शंभर किलोमीटर गेले आणि धरणांच्या उशाशी असलेल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. ज्याला शोध लागतो त्याची सोय होते. ज्याचा शोध लागतो त्याचे काय होते, हे आमच्या भागात कोणत्याही म्हातारीला विचारावे.

आणि आमच्या भागातला कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारा म्हणून कातकरी. जंगलावर बंधने आली, काताचा धंदा गेला, जमीन नावावर कधीच नव्हती. आज सरकार त्याला अति असुरक्षित आदिम जमातींत मोजते. दिवाळी झाली की वीटभट्टीचा मालक उचल देतो आणि नवरा, बायको, पोरे, कोंबड्या असे सारे बिऱ्हाड टेम्पोत चढते, ते वळवाच्या पावसाच्या सुमारास परतते. वर्गातल्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नावांपुढे तांबड्या शाईच्या रेघा ओढलेल्या असतात. मी या भागात आलो तेव्हा आमच्याच लोकांपैकी एकाने मला सांगितले होते, "फादर, त्यांचे निराळे असते. त्यांना शाळा मानवत नाही." मीही पहिली दोन वर्षे ते खरे धरून चाललो, हे येथे कबूल करतो. पाड्यावर जाऊन बसलो, त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकलो, तेव्हा कळले की शाळा त्यांना चांगली मानवते. भट्टीची उचल मात्र फेडल्यावाचून सुटत नाही.

खोडदच्या सहलीसाठी मी बसमध्ये बेचाळीस जागा सांगितल्या होत्या. यादीत कातकरी पाड्यावरची सहा मुले होती. निघण्याच्या दिवशी त्यांपैकी दोनच हजर होती, कारण फेब्रुवारी म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम. 'ती पण देवाचीच लेकरं का?' असे विचारणारा मुलगा त्या दोघांपैकी एक. त्याची धाकटी बहीण यादीत होती, पण भिवंडीकडच्या एका भट्टीवर आईबापांच्या हाताखाली विटा पालथ्या करीत होती. परतताना घाटात अंधार पडला. खिडकीशी बसलेला तो मुलगा बराच वेळ वर पाहत होता. त्याच्या मागची बाके रिकामी होती. डबे आणि पाण्याचे कॅन आम्ही तेथेच ठेवले होते.

यंदा दिवाळीच्या आधी मी आणि सिस्टर पाड्यावर चार वेळा जाऊन आलो. दोन घरांनी मुले वसतिगृहात ठेवली आहेत. त्यांत ती बहीणही आहे. इतर घरांशी बोलणे चालू आहे. फेब्रुवारीत पुन्हा माळशेज चढायचा आहे आणि बस मी आताच सांगून ठेवली आहे, बेचाळीस जागांची.